सदर इसम आमचा नव्हे

मार्च उजाडला की आपल्या महापालिकांना दोन गोष्टी आठवतात: शिल्लक निधी आणि सुरक्षितता. निधी ३१ मार्चपर्यंत संपवायचा असतो, सुरक्षितता १० मार्चपर्यंत. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिचे मुख्यालय आपल्याच बेलापूरला आहे, म्हणजे प्रेरणेसाठी फार लांब जावे लागत नाही. त्या दिवसापासून आठवडाभर सुरक्षा सप्ताह. महापालिका मुख्यालयाच्या पोर्चमध्ये सगळे रांगेत उभे राहतात, उजवा हात पुढे करतात आणि शपथ घेतात. शपथ घेणारे कोण? लेखा विभाग, आस्थापना विभाग, नगरसचिव कार्यालय. यांना कामावर होऊ शकणारी सर्वात गंभीर इजा म्हणजे स्टेपलरची पिन बोटात जाणे. ज्याच्यासाठी शपथ आहे, तो त्या वेळी मागच्या गल्लीत पहारीने चेंबरचे झाकण उचलत असतो. त्याला बोलावत नाहीत. फोटोत बरे दिसत नाही.

एरवी वर्षभर आढावा घेतला जात नाही, असे कोणी म्हणू नये. घेतला जातो. फक्त त्यासाठी एक माणूस मरावा लागतो. जखमी चालत नाही. जखमीचे प्रकरण वॉर्डातच मिटते: धनुर्वाताचे इंजेक्शन, दोन दिवस ‘घरी बस’, तिसऱ्या दिवशी हजेरी चौकीवर हजर. मेला, आणि त्यातही पेपरात फोटो आला, तर मग बैठक लागते. राज्यात २९ महापालिका आहेत. बैठक मात्र सगळीकडे एकच असते.

तिचे इतिवृत्त मी न जाताही लिहून देतो. विषय: ‘उपरोक्त दुर्घटनेच्या अनुषंगाने आढावा’. पहिला प्रश्न साहेबांचा.

‘माणूस कोणाचा?’

‘ठेकेदाराचा, साहेब.’

दालनात एकदम हवा खेळू लागते. चहा येतो. ठेकेदार कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर निविदेच्या फाइलवर सहीनिशी असते. ठेकेदाराला बोलावले जाते. तो म्हणतो, काम मी पुढे दिले होते. ज्याला दिले होते तो म्हणतो, मुकादमाने नाक्यावरून माणूस आणला. मुकादम म्हणतो, आम्ही नको नको म्हणत होतो, तो आपणहून उतरला. इथे चौकशी संपते. सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, एक माणूस हौसेने मैल्यात उतरला, असा निष्कर्ष निघतो. शिवाय तो दारू प्यायला होता. हे शवविच्छेदनाच्या आधीच कळलेले असते.

आता कायद्याचे. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. त्याच्या कलम १२ मध्ये इंग्रज सरकारने लिहून ठेवले आहे की, आपले काम ठेकेदाराकडून करून घेणाऱ्या मूळ मालकाने ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई स्वतः द्यायची, आणि मग ती ठेकेदाराकडून वसूल करत बसायचे. म्हणजे ‘माणूस कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, तरतूद तिथेही आहे. पण महापालिकेच्या विधी विभागात बहुधा १९२३ च्या आधीची पुस्तके असावीत.

हे केवळ आपल्या राज्याचे दुखणे नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना २०२२ आणि २०२३ मध्ये झालेल्या ५४ मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण करून घेतले. ८ राज्यांतले १७ जिल्हे. निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये लोकसभेत आले. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचे कोणतेही साधन नव्हते. उरलेल्या पाचांकडे हातमोजे होते. त्यांतल्या एकाकडे गमबूटही होते. तो बहुधा विशेष अतिथी असावा. सरकारी पगारपत्रकावर किती? पाच. ३८ जण सुटे, कोणीतरी हाक मारून आणलेले. आता सांगा, सरकारी आढाव्यात मृत्यू कमी का दिसतात?

आणि त्या अहवालातली माझी आवडती ओळ. काही ठिकाणी कामगाराकडून लेखी संमती घेतली होती! धोका काय हे मात्र त्याला सांगितले नव्हते. ऑपरेशनच्या आधी रुग्णाकडून घेतात तशी सही घ्यायची, फक्त डॉक्टर नाही, भूल नाही आणि ऑपरेशन रुग्णानेच करायचे.

*

महापालिकेत अपघात मोजतात कुठे, हा एक गमतीचा शोध आहे. एका वहीत सापडत नाहीत, म्हणून ते होत नाहीत असा समज होतो. पहाटे रस्ता झाडणारीला गाडीने उडवले, तर तो रस्ता अपघात; पोलिसांकडे. पथदिव्याच्या खांबावर वायरमनला झटका बसला, तर तो विद्युत निरीक्षकाकडे. पावसाळ्यात नाल्यात उतरलेल्याला लेप्टो झाला, तर तो साथीचा रोग; आरोग्य खात्याकडे. पंधरा वर्षे कचरा भरणाऱ्याला क्षयरोग झाला, तर ती त्याची सवय, बायकोकडे. कॉम्पॅक्टरच्या मागच्या पायरीवरून पडलेला सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘पडल्यामुळे इजा’ एवढाच उरतो. कुठून पडला, कोणासाठी पडला, याला केसपेपरवर रकाना नाही. सुई टोचली ते तर कोणी सांगतच नाही, कारण सांगितले की रक्त तपासायला जायचे आणि त्या दिवसाचा खाडा.

अशा रीतीने सगळे अपघात वेगवेगळ्या खात्यांत विरघळले, की महापालिकेच्या स्वतःच्या रकान्यात एक सुंदर शब्द उरतो: निरंक.

तिकडे ब्रिटनमध्ये नगर परिषदेचा कर्मचारी कामावरच्या इजेमुळे सलग ७ दिवसांपेक्षा जास्त काळ नेहमीचे काम करू शकला नाही, तर त्याची खबर सुरक्षा यंत्रणेला द्यावी लागते. असा नियमच आहे. आपल्याकडेही सातव्या दिवशी कारवाई होते. हजेरीतून नाव कापतात.

*

आता गमबुटांविषयी. आढावा बैठकीतून हमखास निघणारी वस्तू म्हणजे गमबूट. समिती कोणतीही असो, शिफारस गमबुटांची. मग निविदा, फेरनिविदा, दरकरार, नमुना मंजुरी. मेमध्ये ठरलेले बूट दिवाळीच्या सुमारास येतात, पाऊस संपल्यावर, म्हणजे निदान ते कोरडे तरी राहतात. माप बहुतेकांना एकच. झाडूवाल्या ताईचा पाय लहान असतो हे भांडार विभागाला कळवण्याची पद्धत नाही. तिने दोन मोजे कोंबून घालावेत. मग पाहणी होते, आणि पाहणीचा शेरा ठरलेला: ‘साधने दिली तरी वापरत नाहीत.’

वापरत नाहीत, खरेच. मे महिन्यात दुपारी बारा वाजता, ओल्या कचऱ्याच्या ढिगावर, कोपरापर्यंतचे रबरी मोजे घालून साहेबांनी एक तास काम करून दाखवावे. मोज्यात घाम साचतो, फावडे निसटते, गाडीचा दांडा हातात बसत नाही. मग कामगार मोजे काढून खिशात ठेवतो. बेशिस्त म्हणून त्याच्यावर शेरा मारणे सोपे. कामाला चालेल असा मोजा शोधणे कठीण, कारण त्यासाठी कामगाराला विचारावे लागेल.

सुरक्षेचे शास्त्र म्हणते, आधी धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय आणा, मग यंत्र-तंत्राने माणूस आणि धोका यांत अंतर ठेवा, मग कामाची पद्धत बदला. हे सगळे झाल्यावर, अगदी शेवटी, मोजे-बूट. जगभर ही उतरंड शिकवतात. आपली महापालिका तिच्या शेवटच्या पायरीपासून सुरुवात करते, आणि तिथेच सत्कार करून घेते.

ठेक्याचे गणित बघा. अंदाजपत्रकी दरापेक्षा बराच कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. तो कमी कुठे करणार? डिझेलचा भाव त्याच्या हातात नाही. गाडीचा हप्ता बँक सोडत नाही. मधल्या टेबलांचा दर तर डिझेलपेक्षा पक्का. उरले काय? दुसरा माणूस, दोरी, मोजे आणि वायू मोजणारे यंत्र. तेवढेच कापता येते, आणि कापले हे कोणाला कळत नाही, जोवर कोणी खाली राहत नाही तोवर. निविदा उघडली त्या दिवशीच पुढचा अपघात मंजूर झालेला असतो. चौकशी मात्र मुकादमाची.

*

चेंबरमध्ये नक्की काय होते, हे त्या बैठकीतल्या किती जणांना माहीत असते? हायड्रोजन सल्फाइड. मैला आणि गाळ हवेविना कुजला की तयार होतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. वास कुजक्या अंड्यांचा. आणि त्याची लबाडी अशी की, दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास पोचला की नाकाची जाणीवच मारतो. वास यायचा बंद होतो. वरून मुकादम विचारतो, ‘वास येतोय का रे?’ खालून उत्तर येते, ‘नाही, गेला.’ दोघांनाही वाटते, आता बरे झाले. हजार भागांच्या घरात एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

मग दुसरा उतरतो, पहिल्याला काढायला. मग तिसरा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संस्थेने १९८६ मध्येच सांगून ठेवले की, बंदिस्त जागांतल्या मृतांत निम्म्याहून जास्त, ६० टक्क्यांच्या वर, वाचवायला गेलेले लोक असतात. तेव्हा आपल्याकडे पेपरात ‘एकामागोमाग एक तिघे बुडाले’ अशी बातमी येते ती काही योगायोगाची नसते. त्यात तिसऱ्याचे काळीज मोठे होते, आणि पहिल्याच्या कमरेला दोरी नव्हती. दोरी असती तर उतरावेच लागले नसते, वरून ओढता आले असते.

१ नोव्हेंबर २०१८. कल्याण पूर्वेतली एक विहीर. साफ करायला उतरलेला वर आला नाही, त्याच्यामागे गेलेले वर आले नाहीत, आणि मग अग्निशमन दलाचे जवान उतरले. एकूण पाच जण गेले. त्यांत दोघे जवान. ज्यांच्याकडे सुटकेचे प्रशिक्षण असते, गणवेश असतो, लाल गाडी असते, तेही गेले. विहिरीच्या वायूला कायम आणि कंत्राटी यांत फरक कळत नाही. तो आस्थापना विभागालाच कळतो.

या घटनेनंतर प्रत्येक अग्निशमन केंद्रावर, प्रत्येक मलनिस्सारण गाडीवर वायू मोजायचे हातातले यंत्र आणि त्याची नोंदवही सक्तीची व्हायला हवी होती. झाली का, ते आपल्या वॉर्डात जाऊन बघा. यंत्र बहुधा कपाटात असेल. किल्ली स्टोअरकीपरकडे. स्टोअरकीपर निवडणुकीच्या ड्यूटीवर.

*

कायदे कमी आहेत म्हणावे तर तसेही नाही. २०१३ चा कायदा गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला धोकादायकरीत्या उतरवायला बंदी करतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा केला तर पाच वर्षे, पाच लाख. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. नियमांत ४४ प्रकारच्या साधनांची यादी आहे. आणि माणूस उतरवणे अगदीच अटळ झाले, तर स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने, म्हणजे महापालिकेत आयुक्तांनी, लेखी कारणे नोंदवून परवानगी द्यायची आहे. हे कलम मला फार मानवी वाटते. माणूस मैल्यात पाठवायचा तर निदान एका आयएएस अधिकाऱ्याला पेन उघडावे लागावे, एवढीच त्याची अपेक्षा. पण चेंबर पहाटे तुंबते आणि आयुक्त अकराला येतात. तोवर मुकादम हाच मुख्य कार्यकारी अधिकारी.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारबळीच्या कुटुंबाला १० लाख द्यायला सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. २९ जानेवारी २०२५ ला मुंबईसह सहा महानगरांत हाताने मैला आणि गटार साफ करायला बंदी घातली. जी गोष्ट २०१३ पासून बंद आहे ती २०२५ मध्ये पुन्हा बंद करावी लागते. बंदी घालून घालून बिचारी झिजली.

बरे, हे ३० लाख गटारात मेल्यास. तोच माणूस दुसऱ्या दिवशी कॉम्पॅक्टरखाली आला, तर हिशेब निराळा. भरपाईच्या जुन्या सूत्राने, वय ४०, पगाराची मान्य कमाल मर्यादा १५ हजार धरून, १३ लाख ८१ हजार २७५ रुपये. मरायचे ठिकाण निवडताना कामगाराने हे लक्षात ठेवावे. १९२३ च्या त्या भरपाई कायद्याला एक परिशिष्टही जोडलेले आहे. त्यात शरीराचे सुटे भाग आणि त्यांच्यापुढे कमावण्याच्या क्षमतेतली घट टक्क्यांत दिली आहे. एक डोळा, दुसरा शाबूत असताना, ४० टक्के. अंगठा ३०. तर्जनी १४. मधले बोट १२. करंगळी ७. पायाचे अंगठा सोडून कुठलेही बोट, ३. त्याच चाळीशीतल्या कामगाराची करंगळी हिशेबाने १ लाख १६ हजार २७ रुपयांना पडते. कॉम्पॅक्टरच्या मागच्या जबड्यात अडकलेली पिशवी हाताने ओढून काढताना ती जाते. हा दर वाचून मनात एक हिशेब आला: मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचे आहे. एवढ्यात किती करंगळ्या बसतात, हे लेखा विभागाने काढावे. शपथ घेऊन झाल्यावर त्यांना तसेही काम नसते.

पण हे ७ टक्केही मिळायचे तर आधी तुम्ही कामगार आहात हे सिद्ध करावे लागते. मुंबईत कचरा उचलणारे २,७०० जण वर्षानुवर्षे तेच काम, त्याच रस्त्यावर, त्याच गाडीवर करत होते, आणि आपण महापालिकेचे कामगार आहोत हे पटवायला त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०१७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. वस्त्यांतली सफाई करणाऱ्यांची तऱ्हा आणखी न्यारी. दत्तक वस्ती योजनेत त्यांना स्वयंसेवक म्हणत आणि वेतनाऐवजी मानधन देत. स्वयंसेवकाला अपघात होत नाही. त्याची सेवा फळाला येते.

*

उंदीर मारणाऱ्यांचे वेगळे. मुंबईत रात्रपाळीचे मूषक संहारक असतात, काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळांत फिरणारे. एका रात्रीत तीस उंदरांचे उद्दिष्ट. सकाळी मेलेले उंदीर मोजून घेतात. आपल्या महापालिकेत मृत्यूची इतकी काटेकोर, रोजच्या रोज, नगानिशी होणारी नोंद ही एकच असावी.

अग्निशमन दलाला मात्र मान आहे, हे कबूल. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे ६६ जवान गेले. म्हणून देशभर तो दिवस पाळतात, आठवडा पाळतात. ९ मे २०१५ च्या, काळबादेवीच्या गोकुळ निवासमधल्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले, त्यांत दलाचे प्रमुखही होते. हे हौतात्म्य खरे आहे, त्यावर टिंगल होणार नाही. प्रश्न एवढाच, की हुतात्मा म्हटले की पुढची चौकशी थांबते. इमारतीचा धोका आधी कोणाला माहीत होता, आत पाठवायचा निर्णय कशाच्या आधारे झाला, रस्ता मोकळा का नव्हता, हे विचारणे म्हणजे जणू अपमान. फुले वाहणाऱ्या हातांनी कागदही मागितले पाहिजेत.

सफाई कामगाराला हुतात्मा कोणी म्हणत नाही, तेव्हा तिथे विचारायला मोकळीक असायला हवी. पण तिथे दुसरी अडचण आहे. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत गटार आणि सेप्टिक टँकच्या ३८ हजार कामगारांची नोंद तपासली, तेव्हा ९२ टक्क्यांच्या आसपास अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाले. ज्यांची आडनावे आढावा बैठकीच्या हजेरीपत्रकात क्वचित सापडतात, तीच शवविच्छेदनाच्या कागदावर सापडतात. हा योगायोग चांगला हजारेक वर्षे टिकला आहे.

आपल्या राज्याने या बाबतीत दूरदृष्टीही दाखवली आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते. भल्याची तरतूद आहे, तिच्यावर हजारो घरे उभी आहेत, आणि ती काढा असे मी म्हणणार नाही. पण नीट बघा: बाप काम करताना घरी परत येईल याची हमी नाही, मुलगा त्याच चेंबरवर येईल याची लेखी हमी आहे. कंत्राटी कामगाराला तीही नाही. त्याच्या मुलाला नाका आहे.

आणि आपण नागरिक? आपण फार सुसंस्कृत. फुटलेला काचेचा ग्लास आपण काळ्या पिशवीत, खरकट्याच्या मधोमध, कोणाला दिसणार नाही असा ठेवतो. इन्सुलिनची सुई तशीच. पुण्यात कचरावेचक महिलांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने लोकांना विनवले, की सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर कागदात गुंडाळा आणि वर एक लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला हाताने उघडून बघावे लागणार नाही. एक ठिपका! सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यावर चर्चा होते. पेन कोणी आणायचे?

*

यंत्रे नाहीत का? आहेत की. केरळने २०१८ मध्ये मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव रस्त्यावर आणला. आपल्याकडेही जेटिंगच्या, सक्शनच्या गाड्या येतात. नारळ फुटतो, गाडीला हार घालतात, पालकमंत्री स्टेअरिंगवर बसून फोटो काढतात. मग कळते की गाडी अरुंद गल्लीत शिरत नाही, आणि चेंबर नेमके गल्लीत असतात. लहान गाडी घ्यावी असे टिपणीत कोणीतरी लिहितो. टिपणी ‘अवलोकनार्थ सादर’ होते, मग ‘चर्चा करावी’, मग ‘दप्तरी दाखल’. तोवर गल्लीत बांबू, कुदळ आणि माणूस.

चौकशी समितीचेही तेच. काम ज्याच्या देखरेखीखाली चालले होते तो अभियंता समितीचा सदस्य सचिव. तो स्वतःला प्रश्न विचारतो, स्वतः उत्तरे देतो आणि स्वतःच समाधान व्यक्त करतो. कामगारांचा प्रतिनिधी समितीत नसतो, कारण तो म्हणे विषय भरकटवतो. अहवालात ‘मानवी चूक’ हे शब्द येतात. मानव कोणता, तर मेलेला. त्याने ‘कारणे दाखवा’ नोटिशीला उत्तर दिलेले नसल्याने त्याचे काही म्हणणे नाही, असे गृहीत धरले जाते.

खरा आढावा अवघड नाही. महिन्याला एकदा बसायचे, कोणी मेले नसले तरी. पाय घसरला, दोरी तुटली, चक्कर आली पण वाचला, अशा सगळ्या हुकलेल्या अपघातांची यादी समोर घ्यायची. त्या दिवशी काम कोणी लावले, यंत्र कुठे होते, ते का आले नाही, वायू मोजला का, मोजणाऱ्याची सही कुठे आहे, हे विचारायचे. कायम, कंत्राटी, उपकंत्राटी, स्वयंसेवक, सगळे एका वहीत. आणि सांगणाऱ्याचा खाडा धरायचा नाही. एवढे केले, तर सहा महिन्यांत वही भरेल, आकडे वाढतील, पेपरवाले ओरडतील की अपघात वाढले. ओरडू द्यावे. ज्या महापालिकेचा आकडा शून्य आहे तिथे अपघात नाहीत असे नसते, तिथे वही नसते.

ही वही महापालिका आपणहून ठेवणार नाही, म्हणून वाचकांना एक काम देतो. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याला विचारा: गेल्या पाच वर्षांत कामावर असताना किती जण जखमी झाले, किती मेले, कायम किती आणि ठेकेदारांचे किती, वेगवेगळे. गटारात माणूस उतरवायला आयुक्तांनी किती लेखी परवानग्या दिल्या, त्यांच्या प्रती. वायू मोजणारी यंत्रे किती, कोणत्या चौकीवर, शेवटची तपासणी कधी. कोणाला किती भरपाई दिली आणि किती ठेकेदाराकडून वसूल केली. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते, न दिल्यास पहिले अपील तिथल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. अर्ज मराठीत चालतो, आणि माहिती कशासाठी हवी हे सांगायचे बंधन कायद्याच्या कलम ६(२) नुसार तुमच्यावर नाही.